आमची वाटचाल : आधी आटे ओळखा, मग पाना

व्हॉल्व्ह रेडिओ (ट्रान्झिस्टरच्या आधीचे, काचेच्या नळ्यांवर चालणारे) आणि स्पूल टेपच्या दुरुस्तीपासून सुरू झालेलं आमचं वर्कशॉप आता निम्मा वेळ हत्यारं बनवण्यात घालवतं. ठरवून काही झालं नाही. ब्रिटिश घडणीच्या रेडिओत बीए, म्हणजे ब्रिटिश असोसिएशन या जुन्या मापाच्या, आट्यांचे नट असतात आणि त्यांचे पाने कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळत नाहीत, एवढंच त्याचं मूळ.

समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं माप घेतलं तर २ बीएचा नट ८.२ मिमी, ४ बीएचा ६.३ आणि ६ बीएचा ४.९ भरतो. ६ बीएला ५ चा बॉक्स पाना खुशाल चालतो. ४ बीएला ६ चा शिरत नाही आणि ७ चा कोपरे खातो. तिथे पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचा, छान बसतो. हट्टी तो २ बीए. त्यासाठी ८ चा चांगला पाना घेऊन आतली प्रत्येक बाजू जेमतेम ०.१ मिमी घासतो, तीही हिऱ्याच्या सुई-कानशीने, कारण पाणी दिलेल्या पोलादावर साधी कानस नुसती घसरते. आमच्याकडून सगळ्यात जास्त जाणारं हत्यार आजही हेच.

हरवलेल्या २ बीए स्क्रूच्या जागी मेट्रिक मापाचा एम५ घालू नका. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८१ आणि ०.८ मिमी, त्यामुळे लागेलसं वाटतं. पण जाडी ४.७ ऐवजी ५ मिमी. जोर लावला की तो जुने आटे कापत जातो आणि मूळचा स्क्रू मिळाला तरी पुन्हा धरत नाही.

पेचकसाची गोष्ट वेगळी. बाजारातल्या पेचकसाचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं, म्हणून ते खाचेतून वर उसळतं आणि पितळी स्क्रूचं डोकं सोलतं. टोकाचे शेवटचे २-३ मिमी दोन्ही बाजूंनी समांतर घासून घ्या. ग्राइंडरवर दोन सेकंद, मग पाण्यात, पुन्हा दोन सेकंद. टोक निळं पडलं की पाणी उतरलं समजायचं; तेवढा भाग कापून पुन्हा सुरुवात. जपानी ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डरवरचे अधिकचिन्हाचे स्क्रू आपल्या फिलिप्स पेचकसाचे नव्हेत, ते जेआयएसचे, म्हणजे जपानी मानकाचे. फिलिप्सचं टोक तळाला आधी टेकतं, कडा धरतच नाहीत. जेआयएसचा पेचकस वेगळा मिळतो, तो घ्याच.

आयएफ ट्रान्सफॉर्मरच्या (रेडिओत सिग्नल गाळणाऱ्या कॉइलच्या) फेराइट गाभ्याला लोखंडी टोक लावलं की कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे ज्यावर ट्यूनिंग ठरतं तो गुण, वाढतो. ट्यूनिंग जुळल्यासारखं होतं आणि हत्यार काढताच सरकतं. आम्ही विणकामाची प्लास्टिकची सुई खाचेच्या मापाला घासून देतो. टोक खाचेत पूर्ण खोल बसलं पाहिजे, अर्धवट बसलं तर गाभ्याची कड तुटते. गाभा मेणाने घट्ट झालेला असेल तर हेअर ड्रायरची ऊब द्या आणि मगच हात लावा. तुटलेला गाभा बाहेर काढण्यात अख्खी दुपार जाते, आणि तरी निघेल याची खात्री नाही.

लहान काचेच्या व्हॉल्व्हची वाकडी पिन पकडीने सरळ करू नये. पिनेच्या मुळाशी काच तडकते, हवा शिरते आणि गेटरचा (आत उरलेली हवा शोषणाऱ्या लेपाचा) चंदेरी डाग पांढरा पडतो. त्यासाठी पितळी ठोकळा. सात पिनांसाठी ९.५ मिमी व्यासाच्या वर्तुळावर ४५ अंशांनी आठ जागा आखा, सात भोकं पाडा, एक सोडा. नऊ पिनांसाठी ११.९ मिमी, ३६ अंश, दहापैकी नऊ. पिन साधारण १ मिमी जाडीची, म्हणून ड्रिल १.३ चं. भोकांची तोंडं मोठ्या ड्रिलने थोडी पसरट करा, नाहीतर वाकडी पिन आत शिरतच नाही. व्हॉल्व्ह सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही.

डायलच्या दोरीसाठी सायकलच्या स्पोकचा हूक पुरतो. तो विकायला ठेवलेला नाही, ज्याचा त्याने वाकवावा.

अमेरिकन कम्युनिकेशन रिसीव्हरच्या बटणांत कधीकधी ब्रिस्टल स्प्लाइनचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, बटण दांड्यावर आवळणारे) निघतात. दिसायला ॲलनसारखे, पण आत चार किंवा सहा खाचा. ॲलन की कोंबली तर खाचा गुळगुळीत होतात आणि मग ड्रिलच मारावं लागतं. हा पाना आम्ही बनवत नाही. इतक्या बारीक खाचा आमच्या यंत्रांवर नेमक्या उतरत नाहीत, म्हणून तो बाहेरून मागवतो.