मधल्या सीटवरून तोरिनो

इटलीतल्या तोरिनोला जायचं ठरलं ते कॉफी पिताना. आम्ही तिघं शाळेपासूनचे. एक मित्र, जो नोकरीभर कारखान्यांच्या शॉपफ्लोअरवर वावरला, एक डॉक्टर मैत्रीण, आणि मी. रविवारी सकाळी कॉफीला जमायचं हा आमचा जुना नेम, आणि विषय कुठूनही निघाला तरी तासाभरात तो गाड्यांवर येतो. घरातली पहिली गाडी कुठली, ती कुणी चालवली, ती विकली त्या दिवशी कोण रडलं. सगळं एकमेकांना पाठ आहे. तरी पुन्हा सांगायचं आणि पुन्हा ऐकायचं.

डॉक्टरच्या घरी आजोबांची अँबॅसडर होती. इंग्लंडमधल्या काउलीच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली ही गाडी १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली, आणि डॉक्टरचं बालपण त्यातल्या एका पट्ट्यावर गेलं. मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखाली जी फळी असते ना, तिच्यावर. भावंडांत ती सगळ्यात लहान, म्हणून झोप आली की तिला तिथे आडवी टाकत. मागे पळणारी झाडं ती उलटी बघायची. आजही ट्रेनमध्ये ती प्रवासाच्या उलट दिशेची खिडकी मागून घेते.

मित्राच्या घरी गाडीच नव्हती. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याने तो फोटो पाहिला आणि ठरवलं की आपली पहिली गाडी हीच. घेतली आठ वर्षांनी. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, रंग पांढरा. घरासमोर आणून उभी केली आणि वडिलांना म्हणाला, "बसा." वडील मागचं दार उघडून मागे बसले. तोवर त्यांच्यासाठी गाडीत बसणं म्हणजे टॅक्सीत बसणं, आणि टॅक्सीत ते मागेच बसत. मुलाने पुढे बोलावलं नाही. आरशात वडिलांचा चेहरा दिसत होता, तो बघत त्याने सगळं गाव फिरवून आणलं. ही गोष्ट सांगताना तो अजूनही मध्येच थांबतो.

माझी गोष्ट मधल्या जागेची. आमच्याकडे फियाट ११०० होती, पन्नाशीच्या दशकातली, अण्णांनी जुनी घेतलेली. तिच्या गोल, फुगीर अंगामुळे लोक तिला डुक्कर फियाट म्हणत. पुढची दारं मागच्या बाजूला बिजागरं असलेली, त्यामुळे ती कपाटासारखी उलटी उघडत. पुढे सलग बाक. उजवीकडे अण्णा, डावीकडे आई, मध्ये मी. आणि माझ्या गुडघ्यांसमोर, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला गिअर. अण्णा क्लच दाबायचे आणि म्हणायचे, "दुसरा." मी उजव्या हाताने दांडा ओढायचे. "तिसरा." पुन्हा. सात वर्षांची असेन. गाडी आम्ही दोघं मिळून चालवतो, अशी माझी पक्की समजूत होती. अण्णांनी ती कधी मोडली नाही.

तर त्या रविवारी मित्र म्हणाला, "अगं, तुझी फियाट जिथली, ते गाव बघायला चल ना." फियाट या नावातला शेवटचा ट म्हणजे तोरिनो. फाब्रिका इतालियाना आउटोमोबिली तोरिनो, स्थापना ११ जुलै १८९९. पुढच्या मेमध्ये आम्ही तिथे होतो.

पहिल्या सकाळी मेट्रोने लिंगोत्तो, म्हणजे फियाटचा जुना कारखाना, गाठला. स्टेशनमधून वर आलं की समोर एक इमारत सुरू होते आणि संपतच नाही. अर्धा किलोमीटर लांब, पाच मजली, खिडक्यांच्या रांगाच रांगा. १९१६ ला बांधायला घेतली, १९२३ ला सुरू झाली, वास्तुरचनाकार माते-त्रुक्को. मित्र फुटपाथवर उभा राहून मान वर करून बघत होता आणि त्याला आम्ही हलवलं नाही. हा कारखाना खालून वर चालायचा. कच्चा माल तळमजल्यावर आत येई, प्रत्येक मजल्यावर गाडी थोडी थोडी पुरी होत जाई, आणि तयार झालेली गाडी निघे ती थेट छतावर. छतावर चाचणीचा ट्रॅक. दोन सरळ पट्टे, दोन्ही टोकांना भिंतीसारखी चढवलेली वळणं. तिथे पळवून पाहायची आणि मग खाली.

आत काँक्रीटचा गोल फिरणारा उतार आहे. त्याच्या मधोमध उभं राहून वर पाहिलं की काँक्रीटच्या फासळ्या एकाच केंद्रातून पसरत वर गेलेल्या दिसतात. मित्राने त्या फासळ्यांवर तळहात ठेवला. "शंभर वर्षांपूर्वी हे ओतलंय," एवढंच म्हणाला. मग बराच वेळ गप्प.

कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. नंतर वास्तुरचनाकार रेंझो पियानोने त्याचं रूप पालटलं, आता आत दुकानं, हॉटेल, सभागृह, वर एक चित्रदालन. ट्रॅक मात्र राखलाय. २०२१ पासून तिथे बाग आहे, चाळीस हजारांवर रोपं लावलेली. लव्हेंडर, गवतं, झुडपं, आणि त्यांच्यामधून तो जुना मार्ग. आम्ही चालत फेरी मारली. वळणापाशी आल्यावर चढाव इतका अंगावर येतो की पाय आपोआप आतल्या बाजूला सरकतात. उत्तर-पश्चिमेला आल्प्स, त्या दिवशी हवा स्वच्छ होती म्हणून बर्फासकट. मला वाटलं, आमची गाडी आमच्याकडे यायच्या आधी तिच्या बहिणी इथे पळाल्या असतील.

"नाही गं," मित्र म्हणाला. "११०० इथली नाही. तेव्हा काम मिराफियोरीत गेलं होतं." शहराच्या दक्षिणेला १९३९ मध्ये सुरू झालेला तो मोठा कारखाना. माझा चेहरा पडलेला बघून डॉक्टरने माझा हात धरला आणि आम्ही उरलेला अर्धा ट्रॅक तसाच चाललो. पण मित्राने सांगितलं ते बरं केलं. खोट्या जागी डोळे भरून येण्यापेक्षा ते चांगलं.

संग्रहालय दुसऱ्या दिवशी. पो नदीच्या काठी, राष्ट्रीय मोटार संग्रहालय. सुमारे दोनशे गाड्या, पाहायला एक अख्खा दिवस लागतो, आणि सगळ्याबद्दल लिहायला बसले तर हे कधी संपायचं नाही. दोनच सांगते.

एक, इताला. १९०७ साली पेकिंग ते पॅरिस अशी मोटारींची शर्यत झाली. १० जूनला निघालेली ही गाडी १० ऑगस्टला पॅरिसला पोचली, सगळ्यांच्या आधी. प्रिन्स शिपिओने बोर्गेझे, त्याचा मेकॅनिक एत्तोरे गुइझार्दी आणि पत्रकार लुइजी बारझिनी. रस्ते जवळपास नव्हतेच, वाटेत गोबीचं वाळवंट आणि सायबेरिया. रशियात लाकडी चाक खिळखिळं झालं तेव्हा तिथल्या एका सुताराने कुऱ्हाडीने आरे तासून ते पुन्हा बांधून दिलं. डॉक्टर त्या चाकांसमोर इतका वेळ उभी राहिली की पहाऱ्यावरचा माणूस जवळ आला. ती त्याला म्हणाली, "सुताराचं नाव कुठे लिहिलंय?" मराठीतच म्हणाली. तो नुसता हसला.

दुसरी, छोटी फियाट ५००. ४ जुलै १९५७ ला बाजारात आली, दान्ते जाकोझा या इंजिनिअरची. लांबी तीन मीटरपेक्षा कमी, ४७९ सीसी, तेरा अश्वशक्ती. मित्राने सांगितलं की सुरुवातीच्या ५०० मध्ये मागे नीट सीटच नव्हती, सामान ठेवायची जागा, फार तर पोरं कोंबायची. जाकोझाच ११०० मागेही होता. म्हणजे अण्णांच्या शेजारचा तो बाक आणि तो दांडा, दोन्ही याच माणसाच्या हाताखालून गेलेले. हे कळलं तेव्हा मी जाकोझाच्या नावाच्या पाटीजवळ एक मिनिट थांबले.

आणि मग तिसरी सकाळ, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या मुक्कामाजवळच्या बारमध्ये आम्ही रोज कॉफीला जायचो. तिथे कॉफी उभ्याने प्यायची, दोन घोटांत. आम्ही मात्र खुर्च्या ओढून बसायचो आणि आमचा तोच विषय सुरू व्हायचा. शेजारी एक वृद्ध गृहस्थ नातीबरोबर रोज येत. आमच्या बोलण्यात फियाट, फियाट ऐकून त्यांनी नातीला काहीतरी विचारलं. तिला इंग्रजी येत होतं. मी फोनमध्ये ठेवलेला जुना फोटो दाखवला. आमची गाडी, उलटं दार उघडं, दारात आई. त्यांनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "मिलेचेंतो!" म्हणजे अकराशे. त्यांच्याकडे ११०० ला याच नावाने ओळखतात.

मग नातीच्या मध्यस्थीने आमची रविवारची कॉफी तिथे भरली, फक्त एक माणूस वाढलेला. १९५३ मध्ये ही गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली तेव्हा ते शाळेत होते. दोन प्रकार मिळायचे. स्वस्तातल्या एकोनोमिकात पुढे दोन वेगळ्या सीट. दुसऱ्यात हीटर, रंगांची निवड आणि पुढे सलग बाक. त्यांच्या वडिलांनी बाकवाली घेतली. कारण घरात मुलं तीन, आणि मागे दोघांचंच पटायचं.

"मग तिसरा कुठे बसायचा?" मी विचारलं.

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मी त्यांना सांगितलं की इटलीत ११०० ची कहाणी १९६९ मध्ये संपली, पण वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी तीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. नात भाषांतर करत होती आणि ते तिला मध्येच थांबवून साल पुन्हा विचारत होते. दोन हजार तेवीस? दुएमिलावेन्तित्रे? मग त्यांनी टेबलावर हात टेकला आणि नातीला काही सांगितलं. ती म्हणाली, "गाडी अजून आहे. टेकडीवर, काकांच्या गॅरेजमध्ये. उद्या सकाळी याल का?"

पोच्या पलीकडे, सुपेर्गाच्या बाजूला टेकड्या चढत जातात. गॅरेजचं दार वर गेलं आणि आधी वास आला. पेट्रोल, रबर, जुनं रेक्झिन. डोळ्यांना गाडी नीट दिसायच्या आत मला आमचं घर दिसलं. करडा रंग. तेच फुगीर बॉनेट. सिन्योरनी, म्हणजे त्या वृद्ध गृहस्थांनी, दार उघडलं, उलटं, कपाटासारखं, आणि डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली कारण हे दार तिने माझ्या तोंडून चाळीस वर्षं ऐकलं होतं.

मित्र आणि नात मागे. डॉक्टर उजव्या दाराशी. मी मध्ये. कुणी कुणाला जागा सांगितली नाही.

सिन्योरनी चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं आणि लागलं. मी सवयीने उजवीकडे पाहिलं, अण्णांकडे. तिथे डॉक्टर होती. इथे चालवणारा डावीकडे बसतो, सगळंच आरशातल्यासारखं पालटलेलं. अण्णा जिथे असायला हवेत तिथे मैत्रीण, आणि आई जिथे बसायची तिथे हे परके, वृद्ध हात स्टिअरिंगवर. क्षणभर मला मी कुठल्या बाजूची तेच कळेना. पण दांडा समोर होता. तो कुठेच गेला नव्हता. गाडी डावीकडची असो की उजवीकडची, तो मधल्या माणसाच्याच बाजूला येतो.

पहिल्या गिअरमध्ये आम्ही गॅरेजच्या उतारावरून रस्त्यावर आलो. चढ सुरू व्हायच्या आधीच्या सपाट तुकड्यावर सिन्योरनी गाडीला थोडी रेस दिली, मग पाय उचलला आणि क्लच दाबला. हात मात्र स्टिअरिंगवरून काढला नाही. माझ्याकडे न बघता, रस्त्यावर नजर ठेवून ते म्हणाले,

"सेकोंदा."

नातीने भाषांतर केलं नाही. मी डाव्या हाताने दांडा ओढला.