फिरत्या स्थानकावरची भरती : अंतराळ कमांडोंचं प्रशिक्षण कथेत उभं करताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकापुढं लष्करी प्रशिक्षणाची कथा ठेवायची म्हणजे तयारीनंच ठेवावी लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा, कमांडो प्रशिक्षणाचं नावही याच शहराशी जोडलेलं. पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं धावत असतात आणि गल्लीत एखादे निवृत्त सुभेदार भेटतातच. फॉलिन (रांगेत उभं राहणं), पिट्टू (पाठीवरचं ओझं), उस्ताद (प्रशिक्षक), रगडा (शिक्षेची कवायत) हे शब्द इथं कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. म्हणून अंतराळातल्या कमांडो तुकडीच्या निवडीवर दीर्घकथा लिहायला घेतली तेव्हा मी एक पथ्य ठरवलं. कवायत इथल्या मैदानावरचीच ठेवायची आणि तिच्यात बदल करायचा तो फक्त भौतिकशास्त्र भाग पाडेल तिथंच.

सुरुवात स्थानकाच्या मापापासून केली, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. फिरत्या चाकाच्या आतल्या कडेवर माणूस उभा राहिला की त्याला वजन जाणवतं. किती, याचा हिशेब सोपा आहे: मिनिटाला जितके फेरे त्यांचा वर्ग करा, त्याला मीटरमधल्या त्रिज्येनं गुणा आणि 895 नं भागा. उत्तर 1 आलं तर पृथ्वीइतकं वजन. मिनिटाला 4 फेरे धरले तर 56 मीटर त्रिज्या पुरते, 2 फेरे धरले तर 224 मीटर लागते. लहान चाक स्वस्त पडतं, पण त्यात डोकं वळवलं की कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव भलत्याच दिशेला ढवळतो आणि मळमळ सुरू होते. मिनिटाला 2 फेरे बहुतेकांना सोसतात, 6 च्या वर गेलं की सराव नसलेल्याचे हाल होतात. जी तुकडी धावणार, लोळणार, दोरावर चढणार तिला सतत मान वळवावी लागते. म्हणून 2 फेरे आणि 224 मीटर. मधल्या मजल्यांचं मापही त्याच हिशेबातून निघालं: मंगळाचं वजन हवं तर अक्षापासून 85 मीटरवर, चंद्राचं हवं तर 37 मीटरवर.

मग धाव. अग्निवीर भरतीत 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 30 सेकंदांच्या आत मारली की पहिला गट. हा वेग सेकंदाला साधारण 4.85 मीटर पडतो. आपल्या चाकाचा परीघ 1407 मीटर, म्हणजे एका फेरीहून थोडं जास्त धावायचं. पण कडेचा स्वतःचा वेग सेकंदाला 47 मीटर आहे. स्थानक ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं उमेदवार धावला तर त्याचा वेग कडेच्या वेगात मिळतो आणि वजन 1.22 पट होतं. उलट धावला तर 0.8 पट. सत्तर किलोच्या पोराला एका दिशेनं आपण पंच्याऐंशी किलोचे झालो असं वाटेल, दुसऱ्या दिशेनं छप्पन्न किलोचे. मैदान तेच, घड्याळ तेच, आणि निकाल मात्र दिशेवर. कथेत हे नुसतं वर्णन म्हणून ठेवणं मला पटलं नाही, कारण भरतीत एका सेकंदावरून पोरं बाहेर पडतात हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. म्हणून नियम असा लिहिला की 800 मीटर एका दिशेनं, वळण, आणि 800 मीटर उलट. रगडा द्यायचा असेल तेव्हा उस्ताद पिट्टू चढवून फिरण्याच्या दिशेनं पळवतात.

चंद्राच्या मजल्यावर हीच गोष्ट टोकाला जाते आणि कथेतला माझा सर्वांत आवडता भाग तिथंच आहे. 37 मीटरवर जमिनीचा वेग सेकंदाला फक्त 7.75 मीटर. 100 मीटर 13 सेकंदांत मारणारा जवान उलट्या दिशेनं सुसाट सुटला तर तो जमिनीचा वेग पुरता खोडून काढतो. वजन शून्य, पाय जमिनीवरून सुटलेले. पण तिथवर पोचणं अवघड आहे. वजन उतरत जातं तशी बुटाची पकडही जाते, त्यामुळे शेवटचा, सेकंदाला दोन-तीन मीटर इतका, वेग पायानं मिळत नाही. त्यासाठी जमिनीत बसवलेल्या कड्या हातानं ओढाव्या लागतात. तरंगल्यावर पुढं काय? हवा स्थानकाबरोबर फिरते, तिचा झोत तोंडावर येतो आणि माणसाला पुन्हा फिरण्याच्या दिशेला ढकलतो. हळूहळू पाय टेकतात. खानापूरकडचा एक उमेदवार अधांतरी असताना एवढंच म्हणतो, "चक्कर येऊलीय, उस्ताद." उस्ताद त्याला मान न हलवता समोरच्या एका खुणेकडं बघायला सांगतात. उपायही तोच आहे: डोकं स्थिर आणि नजर एका जागी.

दोराचं गणित वेगळं. पाच मीटर चढलं तरी वजनात फरक दोन टक्क्यांचा, हाताला कळतही नाही. घोळ पडताना होतो. वरून सुटलेला माणूस सरळ रेषेत जात राहतो आणि तेवढ्यात जमीन पुढं सरकते. पाच मीटरवरून पडला तर तो दोराच्या बुडाशी न पडता फिरण्याच्या उलट बाजूला सुमारे 70 सेंटिमीटरवर पडतो. 56 मीटरच्या लहान चाकात हेच अंतर दीड मीटर होतं. त्यामुळे गादी दोराखाली मध्यभागी घालून चालत नाही, ती उलट बाजूला सरकवून बांधावी लागते. अशा गोष्टी कथेत एका ओळीत येतात, पण त्या ओळीमुळेच जागा खरी वाटते.

गोळीबाराची रेंज अक्षाला समांतर ठेवली. त्या दिशेनं सुटलेल्या गोळीला फिरण्यामुळे येणारा बाजूचा ओढा लागत नाही, नेम पृथ्वीवरच्यासारखा धरता येतो. चाकाच्या परिघाला धरून मारायचं तर 100 मीटरवरचं लक्ष्य 22 मीटर वर चढलेलं दिसतं आणि गोळीही भरकटते. तो धडा प्रगत वर्गासाठी राखला.

अपकेंद्र यंत्राचा, म्हणजे माणसाला वेगानं गोल फिरवून कित्येक पट वजन जाणवून देणाऱ्या यंत्राचा, भाग थोडक्यात आटोपला. बेंगळुरूच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत असं यंत्र आहे आणि लढाऊ वैमानिकांचा सराव त्यावर चालतो. पाय आणि पोट आवळायचं, श्वास तीनेक सेकंद रोखायचा, झटकन सोडून घ्यायचा. पोटऱ्या आवळायच्या राहिल्या की रक्त पायांत उतरतं आणि नजरेच्या कडा आधी करड्या होतात.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो भोंगा वाजल्यावर स्थानकाबाहेर पडण्याच्या प्रसंगावर. भोंगा झाला, सूट चढवला, पाच मिनिटांत तुकडी बाहेर, हे वाचायला छान, पण होत नाही. अंतराळातला सूट सुमारे 29.6 किलोपास्कल दाबावर शुद्ध ऑक्सिजननं भरलेला असतो, कारण त्याहून जास्त दाब ठेवला तर बोटं वाकवणंही कष्टाचं होतं. समुद्रसपाटीच्या 101 किलोपास्कलवरून थेट त्यात शिरलं की रक्तात आणि ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी शुद्ध ऑक्सिजन घेत नायट्रोजन बाहेर काढावा लागतो, आणि पूर्ण दाबावरून निघायचं तर त्याला काही तास लागतात.

अमेरिकेच्या स्पेस शटलवर काढलेली वाट मी उचलली. केबिनचा दाब 70.3 किलोपास्कल, त्यात ऑक्सिजन 26.5 टक्के. अशा हवेत दिवसभर राहिलेल्याला सूटमध्ये 40 मिनिटं पुरतात. म्हणून कथेत ड्युटीवरची तुकडी कायम कमी दाबाच्या बराकीत राहते. दाब तीन हजार मीटर उंचीवरचा असला तरी ऑक्सिजनचा वाटा वाढवल्यामुळे दम लागत नाही. फुप्फुसाला मिळणारा ऑक्सिजन बेळगावच्या हवेपेक्षा किंचितच कमी आहे, त्यामुळे धावेच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत. बदल होतो तो स्वयंपाकघरात: पाणी 90 अंशांवर उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजत नाही. ऑक्सिजन जास्त म्हणून आगीचा धोकाही जास्त, त्यामुळे त्या बराकीत सुती अंथरूण नाही, कागद पेटीत बंद.

निवडीची शेवटची चाचणी इथंच ठेवली. रात्री दोनला भोंगा, सूट अंगावर, आणि मग 40 मिनिटं थांबायचं. बाहेर अडकलेल्या साथीदाराचा आवाज कानात चालू असतो. आयुष्यभर सेकंदासेकंदासाठी धावलेल्या पोरांना हेच सगळ्यांत जड जातं. जो उमेदवार 40 मिनिटं व्हायच्या आत दाराच्या कडीला हात लावतो, त्याचं नाव यादीतून कापलं जातं.