चाचणी फसली की कॅशही जायची: हॅस्केल प्रकल्पाच्या स्वयंचलित बांधणीचा माझा अनुभव

आर्वी तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा कापूस खरेदीचा हिशेब मी हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिला आहे. क्विंटल आणि किलो हे दोन वेगळे टाइप ठेवल्यामुळे त्यांची गल्लत झाली की कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन) तिथेच अडवतो, आणि काटापट्टीवरून शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जाणार असतील, तर एवढी कडक शिस्त मला हवीच होती. कोड पुश केल्यावर गिटहब ॲक्शन्स या सेवेवर बांधणी (कोडपासून प्रोग्राम बनवणे), चाचणी आणि सर्व्हरवरचे डिप्लॉय (तो प्रोग्राम तिथे बसवणे) आपोआप व्हावे, एवढेच काम उरले होते. हॅस्केलची पॅकेजेस बांधणाऱ्या कॅबलची मांडणी, क्विकचेक या लायब्ररीने लिहिलेल्या चाचण्या आणि सर्व्हरवर शिरण्याची किल्ली हे सारे एका संध्याकाळी जुळले. पुढचे सहा दिवस मात्र एकाच जागी गेले आणि त्याची चीड अजून ओसरलेली नाही.

पहिल्या डिप्लॉयला सर्व्हरने ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ (जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी) म्हणून प्रोग्राम सुरूच केला नाही. बांधणी उबुंटू २२.०४ वर होत होती आणि सर्व्हर डेबियन ११ चा होता, ज्यात जीलिबसी २.३१ असते. म्हणून मी बांधणी डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच प्रणालीच्या बंदिस्त प्रतीत, हलवली. तिथे गावांच्या नावांची फाइल वाचणारी चाचणी फसली: ‘२२४ पासून सुरू होणारा बाइटक्रम उलगडता येत नाही.’ माझ्या लॅपटॉपवर तीच चाचणी निर्धोक चालत असल्याने फाइलच बिघडली असे समजून मी ती तीनदा नव्याने साठवली.

खरा छळ यापुढचा आहे. प्रत्येक अंदाज तपासायला पाऊण तास लागत होता, कारण सर्व्हंट, लेन्स या तयार लायब्ररी आणि त्यांच्या मागून येणारी सगळी पॅकेजेस दर फेरीला मुळापासून कंपाइल होत होती. कॅशची, म्हणजे एकदा बांधलेली पॅकेजेस पुढच्या फेरीसाठी साठवण्याची, पायरी मी पहिल्याच दिवशी लिहिली होती, तरीही लॉगमध्ये दर वेळी ‘कॅश सापडली नाही’ हीच ओळ दिसे. घरात रेंज नसल्यामुळे ती ओळ वाचायला मी स्लॅबवर जाऊन बसत असे. कॅश ज्यावरून ओळखली जाते त्या किल्लीचे नाव बदलले, फोल्डरचा मार्ग बदलला, पॅकेजेसच्या आवृत्त्या गोठवणारी फाइल पुन्हा तयार केली, पण काही उपयोग झाला नाही. सहाव्या दिवशी कारण कळले: ती पायरी कॅश जपते ती संपूर्ण काम यशस्वी झाल्यावरच. चाचणी फसत होती म्हणून कॅश जपली जात नव्हती, आणि कॅश नव्हती म्हणून चाचणी दुरुस्त करायला पाऊण-पाऊण तास जात होता. ज्याला कॅशची सर्वाधिक गरज, त्यालाच ती मिळू नये, हे मला आजही पटत नाही.

उपाय सोपा आहे. कॅश आणणे आणि कॅश जपणे या दोन स्वतंत्र पायऱ्या लिहाव्यात, मध्ये कॅबलला केवळ अवलंबित पॅकेजेस बांधायला सांगावे, चाचण्यांना लागणारी पॅकेजेसही त्यात धरावीत, आणि ती बांधून होताच, चाचणीच्या आधी, कॅश जपावी. त्यानंतरची फेरी सहा मिनिटांत आटोपली, तेव्हा स्लॅबवर मी एकटाच मोठ्याने हसलो.

मग २२४ चे कोडे त्याच दिवशी सुटले. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ असतो. कंटेनरमध्ये लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगची निवड) ठरवलेले नसल्यामुळे हॅस्केल ‘रोहणा’ या गावाच्या नावातल्या ‘र’ लाच अडखळत होते. लोकेल ठरवणाऱ्या लँग या चलाचे मूल्य ‘सी.यूटीएफ-८’ केले की चाचणी उत्तीर्ण होते, पण मी त्यावर विसंबलो नाही आणि प्रोग्रामच्या आरंभीच एन्कोडिंग यूटीएफ-८ ठरवून टाकले, कारण सर्व्हरवर तेच चल कोणी विसरले तर ऐन खरेदीत काटापट्टी अडली असती.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: कॅशच्या किल्लीत कंपायलरची आवृत्ती आणि आवृत्त्या गोठवणाऱ्या फाइलचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा ठसा) दोन्ही घाला. एकदा जपलेली कॅश त्याच किल्लीखाली बदलता येत नाही, आणि नव्या कंपायलरला जुन्या कंपायलरने बांधलेली पॅकेजेस चालत नाहीत.