जुन्या ॲम्प्लिफायरचे स्विच आणि सॉकेट: स्प्रे मारण्याआधी

आवाज कमी असताना डावा स्पीकर गप्प होतो आणि व्हॉल्यूम वाढवला की अचानक बोलायला लागतो. टेप मॉनिटरचं (टेप डेकचा आवाज ऐकण्यासाठीचं) बटण दोन-तीनदा दाबलं की उजवा चॅनल परत येतो. मागची आरसीए पिन (लाल-पांढऱ्या ऑडिओ वायरची) जरा हलवली की घूं आवाज सुरू होतो. १९७० आणि ८०च्या दशकातला स्टीरिओ ॲम्प्लिफायर घरात असेल तर यातलं एखादं लक्षण ओळखीचं असणारच. असा सेट दुरुस्तीला नेला की बऱ्याचदा ‘आयसी गेलीय’ किंवा ‘सगळे कंडेन्सर बदलावे लागतील’ असं सांगितलं जातं. पण उडालेला ट्रान्झिस्टर बटण दाबल्यावर जिवंत होत नाही. हात लावल्यावर, हलवल्यावर किंवा आवाज वाढवल्यावर जो बिघाड बरा होतो तो जवळजवळ नेहमी कॉन्टॅक्टचा, म्हणजे स्विच-सॉकेटमधल्या एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या भागांचा असतो. तिथूनच सुरुवात करावी. सोल्डरिंगचा सराव असलेल्या माणसाला हे काम घरी नीट जमतं.

त्या काळातल्या बहुतेक स्विचचे कॉन्टॅक्ट पितळेचे किंवा फॉस्फर ब्रॉन्झचे असतात आणि त्यांवर चांदीचा मुलामा असतो. हवेतल्या गंधकामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. देवघरातलं चांदीचं निरांजन काळं पडतं ते यामुळेच. हा थर अतिशय पातळ असतो. स्पीकरकडे जाणारे काही व्होल्ट तो फोडू शकतात, पण काही मिलिव्होल्टचा सिग्नल त्यात अडकतो. म्हणून चॅनल हळू आवाजात जातो आणि मोठ्या आवाजात परत येतो. त्यात मुंबई, कोकण किंवा गोव्याची दमट, खारी हवा असेल तर मुलामा जिथे झिजलाय तिथे आतलं पितळ हिरवं पडतं. हे नुकसान जास्त गंभीर, कारण गेलेला मुलामा कुठलाही स्प्रे परत आणत नाही.

स्प्रेबद्दल आधीच सांगायला हवं. कॉन्टॅक्ट क्लीनर हे निदानाचं साधन म्हणून उत्तम आहे. बटणाच्या फटीत थोडा फवारा मारून बटण वीस-तीस वेळा दाबलं आणि आवाज आला, तर दोष सापडला. दुरुस्ती मात्र अजून व्हायची आहे. स्प्रेने सुटलेला मळ स्विचच्या आतच राहतो आणि काही आठवड्यांत तक्रार पुन्हा येते. साधा डब्ल्यूडी-४० तर मारूच नये. त्याचा तेलकट थर धूळ धरून ठेवतो. डीऑक्सिट डी-५ किंवा मागे काही न ठेवता उडून जाणारा क्लीनर वापरावा. तोही नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रश पुरतात.

झाकण उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. मुख्य फिल्टर कंडेन्सर साधारण ६८०० ते १०००० मायक्रोफॅरडचे, ३५ ते ५० व्होल्टवर भरलेले असतात. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय वाईट. १०० ओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांवर दहा सेकंद धरायचा, मग मीटरवर व्होल्टेज दोनच्या खाली आल्याची खात्री करायची.

दोष नेमका कुठे आहे ते शोधायला ऑसिलोस्कोप लागत नाही. मोबाइलवर टोन जनरेटर घेऊन २०० हर्ट्झचा सूर लावा. १ किलोहर्ट्झ नको, कारण स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्टेज जेमतेम ४०० हर्ट्झपर्यंतच बरोबर दाखवतात. दोन्ही चॅनलला साधारण २०० मिलिव्होल्ट द्या आणि सिग्नलच्या वाटेने पुढे सरकत मोजा: इनपुट सॉकेटची मागची पिन, सिलेक्टरची (इनपुट निवडणाऱ्या स्विचची) बाहेरची पिन, टेप मॉनिटर, बॅलन्स, व्हॉल्यूम. जिथे एका बाजूला १९८ आणि दुसऱ्या बाजूला ४० दिसतात, तिथेच दोष. झाकण उघडून चालू सेटवर मोजताना ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि मेन्स स्विचच्या बाजूला हात नेऊ नका. मीटरची काळी पिन मगरीच्या चिमट्याने सॉकेटच्या ग्राउंडला लावून टाका. मोजायला एकच हात लागेल असं बघा.

आता मुख्य काम, लॅचिंग (दाबल्यावर आत अडकून राहणाऱ्या) पुश-बटण स्विचचं. टेप मॉनिटर, लाउडनेस, मोनो, म्यूटिंग ही सगळी बटणं याच जातीची. पोल म्हणजे स्विचमधली एक स्वतंत्र वाट, तिला तीन पिन. दोन पोलच्या स्विचला सहा पिन असतात, चार पोलच्याला बारा. बोर्ड बहुतेक वेळा तपकिरी, एका बाजूला तांबं असलेला, आणि जास्त गरम झाला की त्यावरचं तांबं उचलतं. म्हणून जुनं सोल्डर काढायच्या आधी प्रत्येक पिनवर थोडं नवीन ६०/४० सोल्डर लावायचं. त्यातला फ्लक्स जुनं, मळकट सोल्डर वाहतं करतो. मग पंपाने ओढायचं, उरलेलं डीसोल्डरिंग विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) टिपायचं. २५ वॉटचा आयर्न पुरतो, तापमान ठरवता येत असेल तर ३३० ते ३५० अंश. एका पिनवर तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. नाही जमलं तर पुढच्या पिनकडे जा, ही थंड झाली की परत या. सगळ्या पिन भोकात मोकळ्या हलताना दिसल्याशिवाय स्विच ओढायचा नाही. पॅड (पिनेभोवतीची तांब्याची चकती) उचललंच तर रेझिस्टरच्या पायाची बारीक तार ट्रॅकवर आडवी टाकून सोल्डर करा. त्याआधी ट्रॅकवरचा हिरवा लेप खरवडून तांबं उघडं करायचं.

स्विच हातात आल्यावर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. उघडायचा तो पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून, कारण आतली स्प्रिंग उडाली की फरशीवर सापडत नाही. पुढे एक बारीक वाकवलेली तार दिसेल, स्टेपलरच्या पिनेसारखी. तिचं एक टोक बदामाच्या आकाराच्या खाचेत फिरतं. एकदा दाबलं की ती खाचेच्या खोबणीत अडकते, दुसऱ्यांदा दाबलं की सुटते. बटण दाबून बसत नसेल तर ही तार वाकलेली किंवा झिजलेली असते आणि कॉन्टॅक्टचा काही दोष नसतो. तार काढून दांडा बाहेर ओढला की त्यात बसलेल्या छोट्या चिमट्यांसारख्या क्लिपा दिसतात, प्रत्येक पोलला एक. मधली पिन पुढच्या किंवा मागच्या पिनला जोडायचं काम याच करतात. कोणती क्लिप कुठल्या खाचेतली, ते कागदावर क्रमाने मांडून ठेवा.

क्लिपा काळ्याकुट्ट निघतील. इथे पॉलिश पेपर घेण्याचा मोह होतो, तो टाळा. चांदीचा मुलामा अगदी पातळ असतो आणि पॉलिश पेपर काळ्या थराबरोबर चांदीही घेऊन जातो. त्यापेक्षा एका काचेच्या वाटीत तळाला ॲल्युमिनियमची फॉइल ठेवा, क्लिपा त्या फॉइलला टेकतील अशा टाका, वर एक चमचा खाण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. फॉइलला टेकणं महत्त्वाचं आहे, कारण हा दोन धातूंमधला विजेचा खेळ आहे: गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागच्या जागी राहते. कुजक्या अंड्यासारखा हलका वास आला की काम चाललंय. एक-दोन मिनिटांत क्लिपा पांढऱ्या होतात. साध्या पाण्याने धुवा, मग अल्कोहोलमध्ये बुडवून पूर्ण वाळवा. बॉडीत घट्ट बसलेल्या पिनांसाठी टूथपिकला सुती कापड गुंडाळून, थोडं डीऑक्सिट लावून घासायचं. पांढऱ्या चांदीतून पिवळं पितळ दिसत असेल तर स्विच फार दिवस साथ देणार नाही हे समजून घ्या.

क्लिपेची पकड ढिली झाली असेल तर चिमट्याने तिची पाती केसभर आत दाबा. फार दाबली तर ती पिन ओरबाडेल. परत जोडताना पिनांवर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवला तर चांदी पुन्हा काळी पडायला वेळ लागतो. सिलिकॉन ग्रीस नको. त्याची वाफ शेजारच्या रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) कॉन्टॅक्टवर ठिणगीत जळून काचेसारखा थर करते. सोल्डर करण्याआधी मीटरने दोन्ही स्थितींत प्रत्येक पोल तपासा. मीटरच्या वायरचा स्वतःचा रोध वजा केल्यावर ०.१ ओहमच्या आत यायला हवं.

बदली स्विच घ्यायचा झाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. जाताना जुना स्विच बरोबरच न्या. पिनांमधलं अंतर, दोन ओळींमधलं अंतर, दांड्याची जाडी आणि बटणाची चाल ही चारही मापं जुळली पाहिजेत. नुसतं ‘सहा पिनचं पुश बटण’ मागितलं तर बसणारं मिळेलच असं नाही. मिळालंच नाही आणि टेप डेक घरात नसेल, तर मॉनिटर स्विचच्या जागी बोर्डाखालून ‘सोर्स’ बाजूच्या दोन जंपर तारा टाकणं हा स्वच्छ उपाय आहे. काय केलंय ते कागदाच्या पट्टीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा.

फिरत्या सिलेक्टरला सहसा उघडावं लागत नाही, कारण त्याची पाती उघडीच असतात. ब्रश आणि अल्कोहोल, मग डीऑक्सिटचा एक थेंब, आणि तीस फेऱ्या. व्हॉल्यूम पॉटची (पोटेन्शिओमीटरची) गोष्ट वेगळी. त्यात कार्बनचा ट्रॅक असतो, त्याला फेडरसाठीचा (मिक्सरच्या सरकत्या कंट्रोलसाठीचा) सौम्य क्लीनर लागतो. साफ करूनही फिरवताना खरखर येत असेल तर पॉटच्या टोकांवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टही सापडले तर बहुधा आधीचा किंवा पुढचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल सोडून डीसी अडवणारा) गळतोय आणि पॉट निर्दोष आहे. यात विनाकारण पुष्कळ पॉट बदलले जातात.

स्पीकर प्रोटेक्शन रिले हा सगळ्यात जास्त वेळा सुटणारा गुन्हेगार. सेट चालू केल्यावर काही सेकंदांनी जो ‘टक’ आवाज येतो, तो याचाच. पारदर्शक टोपी निघत असेल तर अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड बाँड पेपरची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून, बोटाने हलके मिटवून ओढा. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. खड्डे पडले असतील तर रिले बदलाच. नवीन घेताना २४ व्होल्ट डीसी, दोन पोल, किमान ५ अँपिअर एवढं पाहून थांबू नका, कॉइलचा रोधही जुन्याशी जुळवा. बऱ्याच सेटमध्ये कॉइलला मालिकेतल्या रेझिस्टरमधून वीज मिळते. कॉइल बदलली की तिच्यावरचं व्होल्टेज बदलतं आणि रिले एक तर अर्धवट ओढतो किंवा तापतो.

रिलेचा कॉन्टॅक्ट ओहममध्ये मोजून फारसं कळत नाही. रिले बाहेर काढून कॉइलला २४ व्होल्ट द्या, आणि कॉन्टॅक्टमधून १२ व्होल्टच्या बॅटरीवर गाडीचा २१ वॉटचा बल्ब पेटवा. साधारण पावणेदोन अँपिअर वाहतात. त्या वेळी कॉन्टॅक्टच्या दोन टोकांवर ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १५०-२००च्या वर असेल तर रिले निकामी. ही चाचणी सिग्नलच्या नाजूक स्विचवर करू नका, एवढा करंट त्यांना सोसत नाही.

काही जुन्या सेटमध्ये स्पीकरचा सिग्नल हेडफोनच्या ६.३५ मिमी जॅकमधल्या पात्यातून जातो. हेडफोन कधीच लावले नसतील तर ती पाती वर्षानुवर्षं न हलता काळी पडतात. जॅकमध्ये प्लग वीसेक वेळा आतबाहेर करून पाहा. मागच्या बाजूला प्री-आउट (प्री-ॲम्प्लिफायरचं आउटपुट) आणि मेन-इन (पॉवर ॲम्प्लिफायरचं इनपुट) जोडणारे यू आकाराचे लिंक असतील, जसे १९७८च्या नॅड ३०२० मध्ये आहेत, तर तेही काढून चकचकीत करून बसवा. संपूर्ण सिग्नल त्या दोन पत्र्यांमधून जातो.

आरसीए सॉकेटचे दोष तीन: बाहेरची रिंग गंजलेली, मधली पकड सैल, किंवा मागचा सोल्डर जोड पिनेभोवती गोल तडकलेला. तिसरा सगळ्यात जास्त आणि सगळ्यात सोपा. भिंग लावून बघा, जुनं सोल्डर ओढून नवीन भरा. सॉकेट बदलायचा असेल तर आधी रिंग आणि चासी (सेटचा धातूचा सांगाडा) यांच्यातला रोध मोजून लिहून ठेवा. मूळ सॉकेट चासीपासून वेगळा असेल तर नवीनही प्लास्टिक वॉशरवरच बसला पाहिजे. नाहीतर ग्राउंडच्या दोन वाटा होतात आणि ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते.

जुन्या भारतीय आणि युरोपियन सेटवर पाच पिनचे गोल डिन सॉकेट असतात. अर्धवर्तुळात पिनांचा क्रम १, ४, २, ५, ३ असा. २ ग्राउंड, ३ आणि ५ वर डावा-उजवा इनपुट, १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी बाहेर. सॉकेट फुटला असेल तर ३, ५ आणि २ वरून दोन आरसीए काढले की आजची कुठलीही वस्तू जोडता येते.

स्पीकरचे स्प्रिंग टर्मिनल गंजले असतील तर आधी वायर बघा. काळी पडलेली टोकं कापून १० मिमी नवीन तांबं उघडा. त्यावर सोल्डर चढवू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतो आणि जोड पुन्हा सैल होतो. फेरूल (टोकावरची धातूची बारीक नळी) दाबून बसवा. टर्मिनल बदलायचे तर ३ मिमी बॅकेलाइटच्या पट्टीवर बाइंडिंग पोस्ट (वायर आवळून धरणारे स्क्रूचे टर्मिनल), दोन केंद्रांत १९ मिमी अंतर. पोस्ट चासीला कुठेही लागत नाही हे मीटरने तपासा. एक शॉर्ट आउटपुट ट्रान्झिस्टर घेऊन जातो.

मेन्स स्विचला कधीही स्प्रे मारू नका. तिथे ठिणगी पडते आणि क्लीनर पेट घेतात. हा स्विच साफ करत बसायचं नाही, बदलायचा. सुरुवातीचा मोठा करंट सोसणारा, टीव्ही-५ दर्जाचा घ्या. त्यावरचा ठिणगी शोषणारा कंडेन्सर तडकलेला असेल तर ०.०१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी, एक्स-२ (मेन्सवर लावायच्या) वर्गाचाच लावा.

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब मालिकेत घाला. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, उजळलेलाच राहिला तर लगेच बंद. मग बल्ब काढून, स्पीकर न जोडता टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर लावा, १००च्या वर असेल तर लावू नका. त्यानंतर पावसाळ्यात दर महिन्याला, सेट बंद असताना, प्रत्येक बटण आणि प्रत्येक नॉब पंधरा-वीस वेळा फिरवा. ज्याला एरवी कुणी हात लावत नाही तो मोनो स्विचसुद्धा.