व्हॅनमधला उंदीर

"पावसाळाभर गाडी गप्प असते रे. ऑक्टोबरचं ऊन लागलं की परत उंदीर ओरडायला लागतो," काका म्हणाले. उंदीर हा त्यांच्या नातवाचा शब्द. भांडुपच्या आमच्या गॅरेजच्या गाळ्यात त्यांची २०११ ची ओम्नी नेहमीचीच. काकू पोळीभाजीचे डबे करतात, काका ते पोचवतात. स्पीडब्रेकर आला की मागून कुईंऽऽ, डबे भरलेले असले की जास्तच.

गेल्या दिवाळीत याच आवाजावर मी मागच्या डाव्या बुशांवर, म्हणजे सांध्यातल्या पिनेभोवती बसणाऱ्या रबरी नळ्यांवर, इंजिनातलं जळकं ऑइल ओतलं होतं. पंधरा दिवस शांतता. काका खूश, मीही खूश.

यंदा आधी आवाज नेमका शोधायचं ठरवलं. पोऱ्याला मागचा बंपर दाबून गाडी हलवत ठेवायला सांगितलं आणि मी खाली सरकलो. एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. डाव्या पाट्याच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, मागच्या शॅकलवर (पाटा गाडीला जोडणाऱ्या हलत्या कडीवर) हात गेला तेव्हा आवाजाबरोबर बोटांना बारीक थरथर लागली. खात्रीसाठी बाटलीच्या झाकणाला भोक पाडून तेवढ्याच जागी पाणी सोडलं. आवाज बंद! पावसाळ्याचं कोडं सुटलं: पाणी मुरलं की रबर पिनेवर सरकतं, सुकलं की घासून ओरडतं.

नट गंजून पिनेशी एकजीव झालेला. तो काढण्यातच अख्खी दुपार गेली, त्याबद्दल न बोललेलं बरं. बुश निघालं ते चहात बुडवलेल्या खारीसारखं फुगलेलं, कडेला चिकट, बोट लावलं की काळं. उजवीकडचंही काढलं. तेवढ्याच वयाचं, कडक, भेगाळलेलं, पण आकार शाबूत. तिकडे मी ऑइल घातलं नव्हतं. साधं रबर पेट्रोलियमचं तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तेव्हा घाई होती.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दोन्ही बाजूंची नवी बुशं आणली. पिना पॉलिश पेपरने घासल्या. साबणाच्या पाण्याने बुशं बसवली, पिनेवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला. ते रबराला खात नाही.

मी हात धुऊन येईपर्यंत पोऱ्याने गाडी घोडीवर (उचलून टेकवायच्या स्टँडवर) असतानाच नट आवळून टाकले होते. परत सैल करायला लावले. त्याचं तोंड वाकडं. हवेत पाटा लोंबत असतो, शॅकलचा कोन वेगळा असतो. तिथेच रबर जखडलं तर चाकं टेकल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागची चाकं जाड फळ्यांवर चढवली आणि गाडीचा भार पाट्यांवर असताना खाली घुसून आवळले. कोपर सोललं.

गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून तीनदा नेली. आता फक्त डब्यांची झाकणं वाजत होती.

"मजुरी किती?"

"सामानाचे द्या फक्त."

"का रे?"

मी दोन्ही जुनी बुशं त्यांच्या हातावर ठेवली आणि दिवाळीचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. डावं बुश दाबून बघितलं, मग पेपरात गुंडाळून डॅशबोर्डवर ठेवलं.

"नातवाला दाखवतो उंदीर," म्हणाले, आणि मजुरीचे दोनशे स्टुलावर ठेवून गेले.