एका दमात किती?

पावसाळ्यातली रात्रपाळी. पहाटे चारच्या सुमारास एका तिशीच्या बाईंना दीर मोटरसायकलवरून घेऊन आला. पोटात दुखतंय, एक उलटी झालीय. पोट मऊ. नाडी ९६, बीपी ११०/७०, श्वास १८, ऑक्सिजन ९८. माझ्यासोबत जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) शेवटच्या वर्षाची मुलगी होती, परीक्षा तोंडावर आलेली. "सिस्टर, व्हायटल्स नॉर्मल आहेत."

होतेच. पण रात्री ठणठणीत असलेलं माणूस पावसाळ्यात पहाटे पोट धरून आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "रात्री कुठं झोपला होतात?"

"खालीच, चटईवर."

मण्यार हा विषारी साप बहुतेक वेळा झोपेतच चावतो. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज नाही, आग नाही. बाईंना काही चावल्याचं ठाऊकच नव्हतं.

"ताई, डोकं न हलवता वर बघत राहा." अर्ध्या मिनिटात उजवी पापणी खाली उतरली. उशीवरून मान उचलायला सांगितली, तर हनुवटी जेमतेम वर आली आणि पडली. "मोठा श्वास घ्या आणि एका दमात मोजा." बाविसावर दम संपला.

डॉक्टरांनी कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. गुठळी झाली. घोणस असती तर बहुधा झाली नसती, तिचं विष रक्त गोठू देत नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं. एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) १० व्हायल सुरू झाल्या, अ‍ॅड्रिनलिन भरून हाताशी, रिअ‍ॅक्शन आलीच तर.

मोजणी चालूच ठेवली. बावीस, सतरा, मग अकरा. ऑक्सिजन मात्र ९७. पोरीची नजर मॉनिटरवरून हटेना. श्वासाचे स्नायू दमत आले तरी हा आकडा बराच वेळ तग धरतो आणि पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. डॉक्टरांनी त्याची वाट न बघता श्वासनलिकेत नळी घातली.

१०८ मधून मेडिकल कॉलेजला निघालो. मी अँब्यू (हातानं श्वास द्यायची पिशवी) दाबत होते, ती शुद्ध मोजायचं ग्लासगो स्केल भरत होती: ई१, व्हीटी, एम१, म्हणजे डोळे उघडत नाहीत, नळीमुळे बोलणं नाही, हालचाल नाही. पाठांतर पक्कं! १९७४ सालचं हे स्केल मेंदूला मार लागलेल्यांसाठी आलं. इथं मेंदू जागा होता, स्नायू लुळे पडले होते. पापणी बोटानं उचलायला लावली. "ताई, पायाचा अंगठा हलवा." अंगठा किंचित हलला.

"अगं, सांगितलेलं करतायत, एम६ आहे हा!" तिनं व्हाइटनर शोधायला पर्स उघडली. मी ओरडले, खाडाखोड चालत नाही, एक रेघ मार, बाजूला सही कर, वेळ टाक.

दीड महिन्यानं बाई तपासणीला आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही त्या पोरीला गाडीत किती बोललात हो!"