रस्त्यालगतची कंपाउंड वॉल: आधी रेषा, मग भिंत

मुंबई उपनगरातल्या आमच्या सोसायटीचा प्लॉट दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे. कललेली जुनी कंपाउंड वॉल पाडून नवी बांधायचा अर्ज केला आणि हरकत आली: भिंत रस्त्यात येते. अशा वेळी इमारतीचा मंजूर नकाशा पुढे करून फारसे काही साधत नाही. तीन रेषा वेगळ्या कराव्या लागतात: मालकीची हद्द, जुनी भिंत प्रत्यक्ष उभी आहे ती जागा आणि रस्त्याची रेग्युलर लाइन, म्हणजे आरएल (महापालिकेने ठरवलेली रस्त्याच्या कडेची रेषा).

हद्दीसाठी प्रॉपर्टी कार्ड काढले. त्यावर अजून बिल्डरचेच नाव असेल तर फाइल तिथेच अडते. आधी डीम्ड कन्व्हेयन्सचे, म्हणजे बिल्डरने करून दिले नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचे, निस्तरावे. मग नगर भूमापन कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज. लगतधारकांना (शेजारच्या जमिनीच्या धारकांना) मोजणीची नोटीस पोचली आहे ना हे पाहावे, नाहीतर हरकत घेणारा ‘मला कळवलेच नाही’ म्हणायला मोकळा. भूकरमापक (सरकारी मोजणीदार) खुणा दाखवतो तेव्हाच सळ्या ठोकून, रंग लावून फोटो काढावेत. नंतर मिळणारी ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हा खरा पुरावा. खासगी सर्व्हेयरचा नकाशा तिच्यापुढे टिकत नाही.

आरएल मात्र त्या नकाशावर नसते. ती मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम २९७ खाली ठरते. डीपी रिमार्कमध्ये (विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, प्लॉटवर काय दाखवले आहे ते सांगणारा महापालिकेचा दाखला) आरएलचे ट्रॅफिक आणि सर्व्हे असे दोन रकाने येतात, दोन्ही वाचावेत. लोक नुसता ‘डीपी रोड’ बघून निश्चिंत होतात. आमची जुनी भिंत हद्दीतच होती, पण एका बाजूला आरएल तिच्या आतून, आवारातून जात होती. म्हणजे अतिक्रमण नाही, तरीही नवी भिंत जुन्या जागी नाही. हा फरक हरकतीच्या उत्तरात ठळक लिहावा, कारण कलमे वेगळी आहेत. रस्त्यावरच्या अतिक्रमणाला कलम ३१४ लागते, तिथे नोटिशीचीही गरज नाही. आरएलमध्ये येणाऱ्या खासगी जमिनीला कलम २९९: किमान सात दिवसांची लेखी नोटीस, मग कुंपणासकट ताबा आणि कलम ३०१ खाली भरपाई. पट्टी सोडताना क्षेत्रफळ लिहिलेली ताबा पावती घ्यावीच. ती नसेल तर पुनर्विकासात त्या सेटबॅकचा (रस्त्यासाठी सोडलेल्या पट्टीचा) एफएसआय, म्हणजे बांधकामाचे क्षेत्र, मागायला हातात काही उरत नाही.

उंचीचा नियम सोपा, मोजायची जागा फसवी. विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १.५ मीटर, तेही समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून वर. वरचे ०.९ मीटर ग्रिलसारखे खुले ठेवले तर मंजुरीने २.४ मीटरपर्यंत जाता येते. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, वरचे ०.७५ रेलिंग, वळणारी गाडी दिसायला हवी. काँक्रिटीकरणात रस्ता उचलला गेला असेल तर आतून डोक्याएवढी दिसणारी भिंतही नियमात बसते. तक्रारदार नेमका आतला फोटो जोडतो! म्हणून मध्यरेषेची पातळी लेव्हल मशीनने घेऊन नकाशावर लिहून टाकावी.

बांधताना फुटिंगही (भिंतीखालचा रुंद पाया) हद्दीच्या आत हवे. भिंत रेषेवर आणि फुटिंग तिच्या मधोमध धरले तर अर्धे फुटपाथखाली जाते, म्हणून ते आतल्या बाजूला सरकवून डिझाइन करून घ्यावे. गेट आतच उघडणारे, बाहेर नाही. रेषेत झाड आले तर तिथे भिंत तोडून ग्रिल लावणे परवडते, कारण झाडाला हात लावायचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मागे मातीचा भराव असेल तर ती कंपाउंड वॉल राहतच नाही, रिटेनिंग वॉल (माती रोखून धरणारी भिंत) होते. तिला स्ट्रक्चरल इंजिनिअरचे डिझाइन आणि पाणी निघायला पाइप टाकलेली छिद्रे लागतात. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाड्यात मुसळधार पावसात भिंत कोसळून माणसे दगावली, ते आठवून तरी ही छिद्रे प्लॅस्टरखाली बुजू देऊ नयेत.